फुटाण्याएवढी अक्षरं

अमरावती-अकोला एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायाशी संत्र्यांची पिशवी. चष्मा विसरला असावा, कारण मोबाइलवरची अक्षरं फुटाण्याएवढी करून तो ओठ हलवत वाचत होता. सहज नजर गेली. ती माझीच कथा होती, टोपणनावानं लिहिलेली. एक पुरुष, त्याच्यावर जीव जडलेला एक व्हॅम्पायर, आणि दोघांची भलतीच चावट रात्र. उभ्या प्रवाशांनाही वाचता आलं असतं! कंडक्टर आला की तो फोन मांडीवर पालथा घालायचा. गेला की पुन्हा अंगठ्यानं ओळ शोधायचा.

मी पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं. मी घाईनं नजर दुसरीकडे वळवली. तो मात्र हळूच म्हणाला, "लिहिणाऱ्यानं एक गोष्ट बरोबर लिवली, पाहा. घरातल्यानं 'ये' म्हटल्याबिगर त्या व्हॅम्पायरले आत जाता येत नाई. मले बी एकानं कधी म्हटलंच नाई. जवानी फाटकाबाहीरच गेली."

मूर्तिजापूरला तो उतरून गेला.

अकोल्यात जठारपेठेत घरी पोचलो, तर ज्याला आठवून मी ती कथा लिहिली तो नेहमीसारखा फाटकाबाहेर गाडीवर बसलेला. लोकांच्या भीतीनं आम्ही तिथंच बोलतो. समोरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

"आत ये," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की काकूंचे हात थांबले.