गिरण्या वस्तीबाहेर

सकाळचे अकरा. शेलूबाजार. सुखदेवची पिठाची गिरणी. इंजिन चालू.

बाहेर कोतवाल दवंडी देत होता. गिरण्यांच्या आवाजाचा आणि धुरळ्याचा लोकांना त्रास होतो, म्हणून त्या वस्तीबाहेर हलवण्याचा नियम सरकार करणार आहे. कुणाची हरकत किंवा सूचना असेल तर मुदतीत कळवावी. इंजिनाच्या ठकठकीत आत कुणालाच काही ऐकू गेलं नाही. पिठानं पांढरा झालेला सुखदेव बाहेर आला तेव्हा कोतवाल डफडं काखेत मारून निघाला होता.

"काय म्हनत होतास गा?"

"तुहीच गिरणी उचलाची हाय म्हने!"

सरकारनं कळवलं, रयतेला कळलं. झाली लोकशाही!

माझ्यासारख्या बातमीदाराला असे किस्से शोधावे लागत नाहीत. गिरणीत पीठ साचतं तसे ते अंगावर साचतात, आणि झटकले तरी जात नाहीत. हे सगळे त्या एकाच नियमाचे आहेत.

* * *

सुखदेवचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबला. सुखदेवनं बौद्धवाड्याच्या तोंडाशी गिरणी टाकली आणि बघता बघता सगळ्या गावाचं दळण त्याच्याकडं येऊ लागलं. ज्या घरांच्या ओट्यावर बापाला बसता येत नव्हतं, त्या घरांतल्या बायका त्याच्या दारात डबे घेऊन रांगेत उभ्या राहात. नियम समजल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "भाऊ, बाप वस्तीबाहेर राह्यला. आता गिरणी बी?"

* * *

कारंज्याचे शांतिलालशेठ गिरणीवाल्यांचे म्होरके. त्यांची स्वतःची गिरणीही भरबाजारात. त्यांनी व्यवस्थित अर्ज लिहिला. नियमाला आमची हरकत आहे, आणि सूचना अशी की रात्री गिरण्या बंद ठेवू, धुराचा पाइप उंच करू.

कचेरीतले कारकून म्हणाले, "हरकत आणि सूचना एकाच अर्जात चालत नाही."

शेठनी दोन अर्ज केले.

कारकुनांनी दोन्ही वाचले. "सूचना देता म्हणजे नियम तुम्हाला मान्य आहे. मग हरकत कसली?"

"बरं, सूचना परत घेतो."

"मग नुसता विरोधच दिसतो. सरकारला विधायक काही हवं असतं, शेठ!"

* * *

मग सगळे गिरणीवाले तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडे गेले. पुढारी झोपाळ्यावर होते. ऐकून घेतलं, चहा पाजला.

"घाबरता काहून? नियम निघाला की मी तो रद्द करून दाखवतो!"

"साहेब, निघायच्या आधीच थांबवा ना."

"अरे, जो निघालाच नाही तो रद्द कसा करू?"

* * *

अर्जांमुळे एक साहेब पाहणीला आले. शेलूबाजारला आदल्या दिवशीच निरोप होता. सुखदेवनं गिरणी धुऊन काढली, सतरंजी अंथरली, खुर्ची मागवली. जीप दिसताच इंजिन बंद केलं. साहेब बोलणार आणि आपण इंजिन ठोकत ठेवायचं, हे त्याला शोभेना. दळणाच्या बायांनाही त्यानं घरी लावून दिलं, "साहेब येऊन राह्यले, मंग या."

साहेब चहा प्यायले. इकडंतिकडं पाहिलं. शेरा लिहिला: गिरणी बंद, गिऱ्हाईक नाही, हलवल्यास कुणाची गैरसोय दिसत नाही.

"साहेब, तुमच्यासाठीच तं बंद केली! चालू करून दाखवू का?"

"मी आलो तेव्हा जे होतं ते लिहिलं," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी तिथंच होतो, भांडलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमची गिरणी आहे का?"

* * *

शेवटची सुनावणी त्याच साहेबांपुढं, कारंज्याच्या विश्रामगृहात. दुपार, मार्च महिना. विश्रामगृहाच्या भिंतीला लागून एक गिरणी होती. त्याच पुढाऱ्याच्या पुतण्याची. ती जोरात चालू होती.

सुखदेव उभा राहिला. "साहेब, वस्तीबाहेर म्हंजे नाल्यापल्याड. गिरणी तिकडं गेली तं पावसाळ्यात बाया डोक्यावर दळण घेऊन..."

"मोठ्यानं बोला!"

तो ओरडून बोलला. साहेबांनी कानामागं हात धरला. मग शिपायाला हुकूम केला, "खिडक्या लावा!" उकाड्यानं सगळे घामाघूम, आणि आवाज तेवढाच.

सुखदेवनं भिंतीकडं बोट दाखवलं. "साहेब, हे बी गिरणीच हाय ना? वस्तीतच हाय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तो आजचा विषय नाही. पुढचा कोण?"

नियम निघाला. शांतिलालशेठनी गिरणी मोडून किराणा टाकला. सुखदेवनं आपली नाल्यापल्याड नेली. पहिल्याच पावसाळ्यात नाला दोन्ही थड्या भरून वाहिला आणि एकही बाई तिकडं फिरकली नाही. दिवाळीच्या आत त्यानं इंजिन विकलं. आता तो वावरात जातो, बाप जायचा तिथंच.

पुतण्याच्या गिरणीचं काय, हे मी तहसिलीत विचारलं, अकोल्याला कलेक्टर कचेरीत विचारलं, पुढाऱ्यालाही विचारलं. विश्रामगृहाच्या भिंतीला लागलेली गिरणी आज सकाळीही चालू होती.