लंघनाचा एक दिवस

“हिचा सी-एट वाढलेला आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “घरात आधी एखादं मूल गेलंय का?”

रेवा तेव्हा नऊ दिवसांची होती. माझी बायको मुग्धा तिला मांडीवर घेऊन बसली होती. उत्तर मी दिलं. आमचा निषाद दीड वर्षाचा असताना गेला.

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी रेवाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले होते. त्या तपासणीला ‘अ‍ॅसिलकार्निटिन प्रोफाइल’ म्हणतात. पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळून शक्ती मिळवतं. काही मुलांत ते काम करणारं एन्झाइम जन्मतःच नीट नसतं. चरबी अर्धवट जळते आणि तिचे अवशेष रक्तात साचतात. सी-एट त्यांपैकीच एक. अशा मुलांना उपाशी राहणं सोसत नाही. आजारात तर मुळीच नाही.

“निषादनं शेवटचं कधी खाल्लं होतं?”

मला तास पाठ होते. त्याला उलट्या होत होत्या. मुग्धा पेज भरवायला निघाली, तेव्हा मीच म्हणालो होतो, “राहू दे गं. एक दिवस लंघन घडलं तर पोटाला आराम पडेल.” पोट बिघडलं की आमच्याकडे उपाशीच ठेवायचे. मीही तसाच वाढलो. सकाळी तो उठला नाही.

“तुम्हाला कळणं शक्य नव्हतं,” डॉक्टर म्हणाल्या. मुग्धानं माझ्याकडे पाहिलं नाही.

जनुकीय तपासणीनं निदान पक्कं केलं. दोष आम्हा दोघांकडून आला होता. लंघन मात्र माझं एकट्याचं.

रेवा वरचं खाऊ लागली, तरी मुग्धा मला भरवू देत नसे.

“सारखी चारतेस! तालमीत घालायचीय का?” धायरीला आमच्याकडे आलेल्या माझ्या आत्यानं विचारलं.

“हो. पहिली कुस्ती तुमच्याशीच, आत्या.”

त्या वर्षात घरात कुणी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

गेल्या महिन्यात तेरा महिन्यांच्या रेवाला उलट्या सुरू झाल्या. अशा वेळी दाखवायला डॉक्टरांनी दिलेलं पत्र घेऊन आम्ही लगेच रुग्णालय गाठलं. ग्लुकोजचं सलाइन लागलं. आम्हाला हे माहीत होतं, म्हणून ती वाचली. बाळाची ही तपासणी होते का, हे तुम्हीही विचारा. आजारी मूल खात नसेल, सुस्तावलं असेल, तर थांबू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी खायला द्यायला सांगितलं. मुग्धानं वरणभात कालवला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

“तू भरव.”

रेवानं दोन घास खाल्ले, तिसरा थुंकला. मी चौथा लहान केला.