कट्ट्यावरचं धारोष्ण दूध

आपल्याला सगळं कळतं, हा माझा जुना आजार. त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. वीस वर्षं तिथली काळी धूळ नाकातोंडात घेतली आणि वर तिचा अभिमानही बाळगला. नव्या कामगारानं मास्क लावला की मला हसू यायचं. तरुणपणी तीन वर्षं तालमीत गेलो होतो, तेवढ्या भांडवलावर मी अजून स्वतःला पैलवान समजतो. पोट सोडलं तर त्याचा पुरावा काही उरलेला नाही.

लेक दहा वर्षांची. शाळेच्या खो-खो संघात तिची निवड झाली आणि महिन्याभरात तिला धाप लागायला लागली. दोन फेऱ्या पळाली की छातीतून शिट्टी वाजायची. खेळाच्या बाईंनी तिला बाहेर बसवलं. घरी आल्यावर तिनं बूट कपाटाखाली सरकवले. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी हमखास काहीतरी चुकीचं करतो.

पोरगी अशक्त आहे, तिला धारोष्ण दूध पाहिजे, असं मी ठरवलं. आमच्याकडे चौकातल्या कट्ट्यावर म्हशी आणतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि तो फेसाळ ग्लास उभ्याउभ्या प्यायचा असतो. रोज संध्याकाळी ऐन गर्दीत मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून नेऊ लागलो. सिग्नलला पुढच्या ट्रकचा धूर थेट तिच्या तोंडावर यायचा. कट्ट्याला लागून रिक्षास्टॉप, आणि कडेला कुणीतरी कचरा पेटवलेला. त्या सगळ्यात उभा राहून मी तिला सांगायचो, "आधी मोठा श्वास घे, मग पी."

"रोज आणा की पैलवान," गवळी म्हणायचा. "छाती भरंल पोरीची."

भरत होतीच, पण धुरानं.

बायकोला शंका आली होती. "आवो, दिवाळीत मामाकडं शाहूवाडीला पंधरा दिवस ऱ्हायली, एकदा तरी खोकली का? हितं आली की सुरू."

"तिकडचं पाणी चांगलं हाय," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून दुधाचा ग्लास मोठा केला.

एका संध्याकाळी कट्ट्यावरच तिला श्वास घेता येईना. ग्लास हातातून सुटला. खांदे वरखाली होऊ लागले आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी इतका घाबरलो की स्कूटर तिथंच टाकून तिला उचललं आणि पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्याकडे पळत सुटलो.

डॉक्टरीणबाईंनी मास्कमधून औषधाची वाफ दिली, मग तिचा दिनक्रम विचारला. दूध पाजतो हे मी छाती पुढे काढून सांगितलं.

"दमा आहे तिला," त्या म्हणाल्या. "दूध घरी तापवून द्या. रोज धुरात नेऊन उभं काय करताय?"



मग त्यांनी श्वासाचा जोर मोजायला फुंकायची एक नळी दिली, तिच्यावर आकडे आणि एक काटा. लेकीला नीट फुंकायला जमेना. "आण हिकडं," म्हणत पैलवान पुढे झाले. मी सगळा जीव एकवटून फुंकलं. काटा तिच्या आकड्यापेक्षा जेमतेम दोन रेघा वर जाऊन थांबला.

डॉक्टरीणबाईंनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काम काय करता तुम्ही? उद्या येऊन छाती तपासून घ्या."

बाहेर आल्यावर मी लेकीला म्हणालो, "माझं आईला सांगू नको." तिनं मान हलवली.

त्यानंतर कट्टा बंद झाला. दूध घरी, शाळेला मागच्या गल्लीतून चालत, दप्तरात औषधाचा पंप. हळूहळू शाळेतल्या बाईंनी तिला परत खेळायला घेतलं. माझा उद्या मात्र चार महिने उजाडला नाही.

तिच्या पहिल्या सामन्याला मला शिफ्टवरून यायला उशीर झाला. गेटपासून मैदानापर्यंत पळालो, कुंपणाची जाळी धरली आणि ओरडायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. छातीतून नुसती शिट्टी वाजली. खेळ संपल्या संपल्या लेक जाळीपाशी आली, तरी शिट्टी थांबली नव्हती. ती तिच्या ओळखीची होती.

"पप्पा, मी आज आईला सांगणार हाय."

"सांग," मी म्हणालो. जास्त बोलायला दम नव्हता.