सलीमाच्या दोनशे अकरा ओळी

सलीमा नजीर पिंजारी हे नाव आमच्या कापूस केंद्राच्या हजेरीपटावर 'रोजंदारी टंकलेखक' म्हणून होतं, याचा मला अजूनही राग येतो. १९९१ साली जळगावच्या त्या कचेरीत संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर कळणारी ती एकटी होती. बाप धरणगावला कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि लेक बी.एस्सी. होऊन कापसाचे आकडे पिंजायची. आम्ही पगारी मंडळी यंत्रावरची धूळ पुसण्यापुरते.

आमचे पैदासकार कौतिक नाना यांनी नऊ वर्षं खपून कपाशीचं एक वाण तयार केलं होतं. ते शेतकऱ्यांना द्यायचं की नाही, हे समिती सोमवारी ठरवणार होती, आणि नाना त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. नऊ वर्षांच्या आकड्यांचा निकाल काढणारा प्रोग्राम सलीमाने आठ महिने बसून लिहिला होता. चाळीसगावच्या चाचणी-शेताचे गेल्या हंगामाचे आकडे तेवढे उशिरा आले. ते घालून शेवटचा निकाल छापायचा, एवढंच उरलं होतं.

मधे गुरुवारी खंडेनवमी आली. सुतार करवत पुजतो, मग आम्ही कॉम्प्युटर का पुजू नये? हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला. नव्या वहीवर श्री लिहितात तसा पडद्यावरही लिहावा, ही अक्कल माझी, चुडामण वाण्याची. समोर सलीमाचा प्रोग्राम उघडा होता. पडदा कोरा हवा म्हणून मी सगळ्या ओळी पुसल्या, पाच वेळा श्री टाइप केलं आणि मोठ्या भक्तीने, त्याच नावाने, सेव्ह केलं. दोनशे अकरा ओळी गेल्या. दर शनिवारी फ्लॉपीवर नक्कल ठेवायचं कामही माझंच होतं, आणि ते मी चैत्रापासून केलं नव्हतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

नाना खुर्चीत बसले ते उठेनात. "नऊ वरीसनी मेहनत पानीम्हा गयी, माय," एवढंच ते सलीमाला म्हणाले. मला वाटलं आता ही माझी खरडपट्टी काढणार. तिने फक्त दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायला सांगितलं.

दसऱ्याला सकाळच्या एसटीने ती धरणगावहून आली आणि टेबलाखालून कागदांचं खोकं ओढलं. ते सॉफ्टवेअर प्रोग्राम चालवताना त्याची ओळ न् ओळ नंबर घालून नोंदीत उतरवतं आणि चूक असली तर खाली सांगतं. ती नोंद सलीमा दर वेळी छापायची आणि लाल पेन्सिलने तपासायची. कागद वाया घालवते म्हणून मी तिच्याविरुद्ध वर लेखी कळवलं होतं.

मी ओळी वाचत गेलो, ती टाइप करत गेली. एक ओळ चार कागदांवर चार तऱ्हांची असली, तर शेवटची दुरुस्ती कुठली हे ती न अडखळता सांगायची. एका पानावर प्रिंटरची फीत झिजल्यामुळे अठरा ओळी वाचताच येईनात. त्या तिने आठवून लिहिल्या.

"बरोबर आहेत कशावरून?" मी विचारलं.

"माझ्या आठवणीवर नका जाऊ, चुडामणभाऊ. जुने आकडे घालू. जुना छापलेला निकाल आहे, तो जुळला तर बरोबर."

एक सरासरी दुसऱ्या दशांशाला चुकली. मी म्हटलं, चालतंय. तिला चाललं नाही. दुपार गेली, तेव्हा तिला आठवलं की एका वर्षी धरणगावच्या चाचणीतल्या एका वाफ्यात पाणी साचलं होतं आणि तो हिशोबातून वगळला होता. ती ओळ घातली आणि सगळा निकाल शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. माझ्या केंद्रात अशी माणसं आहेत, या अभिमानाने माझी छाती फुगली. मग तिने चाळीसगावचे आकडे घातले.

सोमवारी वाण मंजूर झालं. अहवालावर नानांनी आपल्या नावाखाली सलीमाचं नाव हाताने लिहिलं होतं. केंद्राच्या साहेबांनी भुवया चढवल्या, रोजंदारीवरच्या माणसाचं नाव अहवालावर जात नाही म्हणाले.

"मंग मन्हंबी काढा," नाना म्हणाले.

अहवाल दोन्ही नावांनी छापला गेला.