पायाचे डॉक्टर

मधुमेहामुळे पायाच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जायचं म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सकाळीच पाय साबणाने घासले, देवळात निघाल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवला. "लागला की सांगा." दहा ठिकाणी टेकवला, अण्णा गप्प. मग दोरा हवेतच असताना घाईने म्हणाले, "लागला!" मला हसू आलं.

बाईंनी टाच उचलली. खाली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. "ही कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

दर पाडव्याला मी याच पायांवर डोकं ठेवतो. डोकं टेकलं की पाय दिसत नाहीत.

अण्णा डोळे न उघडताच म्हणाले, "त्याला काय विचारता? तो नुसता पाया पडतो."