पडद्याकडे पाठ करून बसणारे समीक्षक

चित्रपटाकडे ढुंकूनही न पाहता त्यावर लिहिणारा, आणि तरीही एका अक्षरानं खोटं न लिहिणारा समीक्षक या भूतलावर एकच आहे. आणि तो नेमका माझा साडू निघावा, या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, पिंपरी पेंढारला दिली आहे. तिच्या यजमानांना बायको दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींचा मूळ धंदा कांदा आणि डाळिंबाचा. पण तालुक्याच्या साप्ताहिकात बाजारभावाच्या शेजारी चित्रपटाच्या परीक्षणाचं जे सदर येतं ते त्यांचं, आणि लोक आधी कांदा वाचतात की आधी दाजींना, यावर चहाच्या टपरीवर वाद होतात. बिबट्याच्या धास्तीनं वस्तीवरचं कुणी शेवटच्या खेळाला जात नाही, म्हणून दाजींचं परीक्षण कायम दुपारी तीनच्या खेळाचं असतं.

त्यांनी मला पहिल्यांदा नारायणगावला थिएटरात नेलं, तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दिवे मालवले तसे दाजी उठले, दारवानाकडून प्लास्टिकची खुर्ची घेतली, ती पडद्याच्या खाली भिंतीला लावली आणि आमच्याकडे तोंड करून बसले. मला वाटलं, माणसाला भोवळ आली. मी वाकून त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "दाजी, पिक्चर मागं आहे!" ते शांतपणे म्हणाले, "ठावं हाय मला. पावणं, तुमी बघा पिच्चर. पिच्चर कसा हाय ते मला तुमच्या तोंडावर दिसतंय." मी जागेवर येऊन बसलो खरा, पण पुढचा सगळा वेळ आपला चेहरा कसा दिसतोय या काळजीत गेला. नायिका कुणाची मुलगी होती हे मला आजही माहीत नाही.

या पद्धतीपायी त्यांनी काय काय ओढवून घेतलं म्हणून सांगू! एकदा मागच्या रांगेतलं एक कॉलेजचं जोडपं मध्यंतरालाच धूम पळालं. हा माणूस पडदा सोडून आपल्याकडेच टक लावून बघतोय म्हणजे पोरीचा मामाच असणार, अशी त्यांची खात्री पटली होती. दुसऱ्या वेळी तर मार खाता खाता वाचले. रडण्याचा प्रसंग खरा की खोटा हे ओळखण्याची त्यांची एक रीत आहे. "बायांचा पदर डोळ्याकडं गेला म्हनून भागत न्हाई," ते सांगतात, "माघारी येताना तो वला हाय का कोरडा, ते बघावं लागतं." हे बघायला त्यांनी खेळ सुटल्यावर दारातच एका बाईला विचारलं, "मावशी, पदर भिजला का वो?" मावशीचा दीर पाठोपाठच येत होता. मी मध्ये पडून "हे पेपरवाले आहेत" असं ओरडलो नसतो, तर त्या आठवड्याचं सदर दवाखान्यातून आलं असतं.

शहरातल्या मोठ्या पेपरांचे समीक्षक तारे देतात, याचा दाजींना भयंकर राग. "साडेतीन तारे? आरं, ह्यो आर्धा तारा कापला कुनी आन् ऱ्हायलेला आर्धा गेला कुटं?" असं म्हणून ते पेपर माझ्यापुढे आपटतात. त्यांचं स्वतःचं माप बटाटावड्याचं आहे. मध्यंतरात लोक वडा घेऊन आत येतात. चित्रपट पकड घेणारा असेल तर हातातला वडा हातातच राहतो आणि निवतो. रटाळ असेल तर माणसं गरम गरम खाऊन मोकळी होतात. म्हणून परीक्षणाच्या शेवटी निकाल असतो: वडा गार, वडा कोमट किंवा वडा खलास. एका आठवड्यात 'वडा गार' छापून आलं आणि थिएटरचा कँटीनवाला पेपर नाचवत थेट पिंपरी पेंढारला आला. "माझा वडा गार? कढईतनं डायरेक देतो मी!" त्याची समजूत घालताना दाजींना घाम फुटला. ही तुझ्या वड्याची निंदा नव्हे, पिच्चरचं कौतुक आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

खोडदला छत्रीसारख्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिथं नोकरीला असलेले एक साहेब त्यांचे वाचक आहेत. त्यांनी एकदा धीर करून विचारलं, "पण काका, समीक्षकानं निदान पडदा तरी पाहायला नको का?" दाजी म्हणाले, "सायेब, तुमी येवढ्या मोठ्या छत्र्या लावल्याती, पन तुमी तरी आभाळाकडं कुटं बघता? खोलीत बसून कंपुटरच बघता ना?" या माणसाशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

एकट्या आक्काला मात्र या पद्धतीचा जाच होता, कारण घरातही तीच रीत. भाजी कशी झाली, हे दाजींनी स्वतःच्या जिभेनं कधी सांगितलंच नाही. आधी पाहुण्यांची तोंडं बघायची आणि मग म्हणायचं, "पावण्यांनी मागून घेतली, म्हंजे जमली आसंल." आक्का माझ्या बायकोजवळ कितीदा तरी म्हणाली असेल, "येवढा संसार झाला बाई. ह्या मानसानं येकदा चांगलं म्हनावं, न्हाई तर वंगाळ म्हनावं. पन सोताचं म्हनावं!"

तर ही आक्का गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिनोलीला आली होती. अंगणात तिनं कुरडया वाळत घातल्या होत्या. गावात एका मराठी चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं आणि त्यांचा दिव्यावरचा माणूस वायर ओढत ओढत थेट कुरडयांवरून चालत गेला. आक्कानं त्याचा जो उद्धार केला, तो ऐकून दिग्दर्शक धावत आला. मला वाटलं माफी मागायला आला, पण तो हात जोडून म्हणाला, "काकू, आमची आई आजारी पडलीय, तुम्ही आई व्हाल का?" आई म्हणजे नायकाची आई. घर सोडून निघालेल्या लेकाला दारात उभं राहून दोन वाक्यं म्हणायची: "जातूस तर जा. भाकरी झाकून ठेवते." एवढंच काम. आक्कानं ते एका दमात केलं आणि पुन्हा कुरडयांकडे वळली. घरी मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही. चित्रपट नारायणगावला लागला, पोस्टर चिकटलं, तेव्हा कुठे तिनं दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "लिहावं तर लागनार." ज्यानं आजवर कुणाची भीड ठेवली नाही, तो बायकोची ठेवेल कशाला? आणि ठेवली नाही, तर आक्का काय करील?

तीनच्या खेळाला दोन जीपगाड्या भरून माणसं गेली. आक्का नवी साडी नेसून मधल्या रांगेत बसली होती आणि उगीचच पदर सारखा करत होती. दाजींनी नेहमीप्रमाणे खुर्ची उचलली. बायकोनं मला कोपरखळी मारली, "आज तरी सरळ बसा म्हणावं." मी जाऊन विनवलं, तर म्हणाले, "न्येम म्हंजे न्येम." मग ती घडी आली. अख्ख्या पडद्यावर आमची आक्का! शिट्ट्या, टाळ्या, "आक्का, आक्का" असा गलका. पडद्यावर ती बोलली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. मी दाजींकडे पाहिलं. डोक्यामागे हातभर अंतरावर स्वतःची बायको डोंगराएवढी उभी, आणि हा गृहस्थ मान रेसभरही वळवायला तयार नाही! मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की खुर्चीसकट उचलून फिरवावंसं वाटलं.

खरा हादरा पुढेच होता. साप्ताहिक आलं. 'वडा खलास' हा निकाल तर होताच, पण त्याच्या वर छापलं होतं: 'मातेच्या भूमिकेतील बाईंविषयी प्रस्तुत लेखकाला मत देता येत नाही, कारण त्या वेळी लेखकाचं लक्ष प्रेक्षकांतील एका बाईंकडे लागलं होतं.' पडद्यावर बायको आणि याचं लक्ष भलत्याच बाईकडे! आणि ते छापून! पिंपरी पेंढारपासून घोडेगावपर्यंत एकच चर्चा: ती बाई कोण? त्या खेळाला गेलेल्या यच्चयावत बायका संशयात आल्या. आक्का पिशवी भरून तडक शिनोलीला आली आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. रडेना, बोलेना, भांडेना. आक्का भांडत नाही म्हटल्यावर आम्ही सगळेच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "दाजी, कोण होती ती बाई?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "कोन म्हंजे? हीच की! पेपरात घरच्यांची नावं घालायची नसत्यात, म्हनून नाव न्हाई घातलं." मग आवाज उतरला. "वळून बघायचं लई मनात व्हतं, पावणं. पन त्या उजेडात हिचं तोंड आसं काय दिसत व्हतं... आदी पदर तोंडात धरून हसली, मंग येकदम डोळं भरून आलं. अंतरपाट दूर झाला तवापास्नं येवढा येळ तिच्याकडं बघितलंच न्हवतं मी. मान वळंनाच."

आत बांगड्या वाजल्या. जरा वेळानं आक्का पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला. येष्टी चुकंल."

दाजींनी मोठ्या उतावळेपणानं दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला थिएटर गाठलं, या खेपेला सरळ पडद्याकडे तोंड करून बसायला. पण तिथं दुसरंच पोस्टर लागलं होतं. पुढे निर्माता आणि दिग्दर्शक यांचं बिनसलं आणि तो चित्रपट ना टीव्हीवर आला, ना मोबाइलवर. दाजींनी पुण्याला खेटे घातले, कुणाकुणाला फोन केले. काही उपयोग झाला नाही. तालुक्यानं पाहिलेली आक्का तेवढी त्यांनीच पाहिलेली नाही.

तेव्हापासून मी पिंपरी पेंढारला गेलो की कांद्याचं, पावसाचं बोलता बोलता ते मध्येच विचारतात, "दारात कशी हुबी व्हती वो ती? आन् आवाज कसा लागला?" पहिल्या वेळी मी जसं घडलं तसं सांगितलं. पण त्यांचा तो चेहरा पाहवत नाही. म्हणून दर खेपेला थोडं वाढवून सांगतो. त्या दोन वाक्यांची आता चांगली दहा-बारा झाली आहेत. माझ्या सांगण्यातली आक्का लेकाच्या मागे वेशीपर्यंत जाते, दिसेनासा होईपर्यंत उभी राहते. खोट्या पदराला न फसणारा हा माणूस माझी प्रत्येक थाप खाली मान घालून ऐकून घेतो.

परवा असंच सांगत होतो. आक्का चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. मी वेशीपाशी पोचलो होतो. ही थाप तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक? मला वाटलं, आता मी उघडा पडणार. पण ती कप हातात धरून ऐकत राहिली. माझं संपल्यावर दाजी हळूच म्हणाले, "लई ग्वाड काम केलं आसंल तिनं."

"बघितलं न्हाई आन् म्हनं ग्वाड!" आक्का म्हणाली.

"न्हाई बघितलं," दाजी म्हणाले, "तरी म्हनतो. माझं मत हाय ते."

आक्कानं कप त्यांच्या हातात दिला आणि आत काही काम नसताना घाईघाईनं निघून गेली.