न कापलेला पट्टा

बांधकामावर त्याला सगळे ‘थांबा’ म्हणत. क्रेनला माल बांधून द्यायचा आणि हाताच्या खुणांनी चालकाला वर-खाली सांगायचे, हे त्याचे काम. जरा शंका आली की तो काम अडवी. “थांबा आला, बसून घ्या रे,” लोक म्हणत. तोही हसे.

माल उचलायचा पट्टा झिजलेला दिसला की तो तिथल्या तिथे त्याचे दोन तुकडे करी. अख्खा ठेवला तर घाईत कोणीतरी वापरतोच. त्या सकाळीही त्याने चाकू काढला होता. साहेब म्हणाले, “नवा परवा येतोय. राहू दे, हलक्या मालाला चालेल.” चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने चाकू मिटला. कोणी वापरू नये म्हणून पट्ट्याला गाठ मारून तो वेगळ्या खिळ्याला अडकवला आणि जेवायला गेला.

इकडे साहेबांनी स्वतः ती गाठ सोडली आणि त्याच पट्ट्यात सळ्यांचा भारा उचलायला लावला. क्रेनचालकाने वरून सगळे पाहिले, नंतर त्याला सांगितलेही. ‘थांबा’ हात वर करून धावत आला, तोच पट्टा तुटला. सळ्यांखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

तीन आठवड्यांनी साहेब त्याच्या घरी आले. एका हातात सफरचंदांची पिशवी, दुसऱ्यात कागद. अपघाताचे कारण छापूनच आणले होते : ‘कामगाराने नियमाप्रमाणे खराब पट्टा कापला नाही.’

“यात खोटं काय आहे?” साहेब म्हणाले. “सही कर, प्रकरण मिटेल. गेटवर बसायचं काम देतो तुला.”

खोटे काहीच नव्हते. म्हणून तर त्याच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही.”

“एक हात गेला तेवढं कळतं.”

“पेन दे गं,” तो म्हणाला.

“अहो, सही करू नका.”

“सही नाही करत. तू दे तर.”

कागद सरकू नये म्हणून तिने तो धरून ठेवला. डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी अक्षरे काढत त्याने छापील ओळीखाली लिहिले : ‘कापू नको असे साहेबांनी सांगितले.’ पाव तास लागला. कपाळावर घाम आला.

साहेब उठले. “असा कागद पुढे जाणार नाही.”

“बसा,” तो मान वर न करता म्हणाला. “गाठ कोणी सोडली ते लिहायचं राहिलंय.”